खुली का बंद?

"जवारी कशी ठेवू ताई, खुली का बंद?"

मिरजेत सतारी बनवणाऱ्या चाचांनी तारा सैल करून सतारीची घोडी, तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची पट्टी, काढली होती. चष्मा कपाळावर चढवून ती त्यांनी खिडकीच्या उजेडात तिरपी धरली आणि तिच्यावरची नजर न हलवताच मला हे विचारलं. शिंप्याने बाही केवढी ठेवू म्हणून विचारावं, तितक्या सहज. मी म्हटलं, "तुम्हाला योग्य वाटेल तशी ठेवा." त्यावर "वाजवणार तुम्ही," एवढंच बोलून ते कानस शोधायला लागले. मिरजेहून परत येताना सतार गवसणीत घालून शेजारी उभी केली होती, तिचा भोपळा माझ्या पायाला टेकला होता आणि गाडीच्या खडखडाटातही तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कुठला राग जवळचा, कुणाचा हात आवडतो, आलापात मन रमतं की गतीत, हे मला कुणीही कधीही विचारावं, मी तासभर बोलेन. पण माझ्याच सतारीचा आवाज मला कसा हवा आहे, हे मला सांगता आलं नव्हतं.

घोडी लांबून सपाट दिसते. बोट फिरवलं तरी सपाटच लागते. पण पडद्यांच्या बाजूला तिला अगदी सूक्ष्म उतार असतो आणि छेडलेली तार त्या उतारावर टेकत-सुटत राहते. त्या टेकण्या-सुटण्यातून जो झणत्कार उठतो, ती जवारी. पृष्ठभाग जरा सपाट ठेवला की तार अधिक लांबीवर टेकते, आवाज पसरतो, चमकतो, कडांना झणझणतो. ती खुली जवारी. गोलाई वाढवली की टेकण्याची जागा आखूड होते, आवाज गोळा होऊन घुमारेदार येतो, ती बंद. मधे हव्या तितक्या छटा. पंडित रविशंकरांची सतार खुली, उस्ताद विलायत खाँसाहेबांची बंद, हे सतार शिकणारा कुणीही पहिल्या वर्षात ऐकतो. खाँसाहेबांनी खरजाची, म्हणजे खालच्या सप्तकाची, जाड तार काढून तिथे गांधार-पंचमाची योजना केली, म्हणून त्यांच्या सतारीचा पोतच वेगळा, हेही ऐकतो. मीही ऐकलं होतं, दोघांच्या ध्वनिमुद्रिका लावून तो फरक ओळखलाही होता. फक्त तो फरक माझ्या मांडीवरच्या वाद्यालाही लागू होतो, हे कधी मनात आलं नव्हतं.

त्या दिवशी उजेडात धरलेल्या घोडीवर मला पहिल्यांदा रेघा दिसल्या. प्रत्येक तारेची आपली रेघ. झाल्यासाठी छेडायच्या चिकारीच्या तारांच्या उथळ, षड्जावर लावलेल्या जोडीची जरा खोल, आणि बाजाच्या, म्हणजे सूर वाजवायच्या मुख्य तारेखाली तर चक्क चर. तो चर एका कडेला किंचित रुंदावलेला होता, कारण मींड घेताना बाजाची तार पडद्यावर आडवी ओढली जाते आणि त्या ओढीचा थोडासा हिस्सा घोडीपर्यंत पोचतो. आपण पडद्यावर पाच सुरांची मींड घेतली म्हणून खूश व्हावं आणि तिकडे घोडीने त्याची किंमत मोजत राहावं, असं हे चाललेलं असतं. तार चरात बसली की तिला टेकायला-सुटायला मोकळीक उरत नाही. आवाज आधी मंद होतो, मग बसका, मग काही सुरांवर नुसता चरचरतो. हे सगळं इतकं हळू होतं की रोज वाजवणाऱ्याला सगळ्यात शेवटी कळतं. माझ्याही सतारीचा आवाज गेलाय हे एका पाहुण्याने सांगितलं, जो सतार कधीतरी, दुसऱ्याच्या घरी, लांबून ऐकणारा होता.

चाचांनी कानस फिरवायला सुरुवात केली. हाडाची बारीक पांढरी भुकटी त्यांच्या मांडीवरच्या फडक्यावर पडत होती. मग पात्याने खरवडणं, मग पॉलिश पेपर. घोडी पुन्हा तारांखाली सरकवायची, जोड चढवायची, एकदाच छेडायची, कान तारेजवळ नेऊन शेवटचा तरंग विरेपर्यंत ऐकायचं, तार उतरवायची, घोडी काढायची, पुन्हा दोन हात. हे किती वेळा झालं कोण जाणे. मला एकीकडे आनंद होत होता, कारण प्रत्येक फेरीला आवाज जागा होत चालला होता. आणि दुसरीकडे त्या भुकटीकडे बघून पोटात काहीतरी तुटत होतं. तो चर माझ्या हाताने पडलेला होता. रागदारीत माझ्या नावावर दुसरी कुठलीच खूण नाही, ना कार्यक्रम, ना ध्वनिमुद्रण. पहाटेचा सगळा रियाज त्या एका रेघेत साठलेला, आणि तो घासून काढल्याशिवाय सतार पुन्हा बोलणार नव्हती.

घोडी काही अमर नसते. दर जवारीला ती थोडी झिजते आणि एक दिवस बदलावीच लागते. पूर्वी हस्तिदंत, सांबरशिंग वापरत. ते गेलं, आणि गेलं ते चांगलंच झालं. आता उंटाचं हाड असतं, किंवा कारखान्यात बनलेलं टणक फायबर, जे हाडापेक्षा खूप सावकाश झिजतं. फायबरचा आवाज स्वच्छ आणि टिकाऊ, यात वाद नाही. माझ्या कानाला हाडाचा आवाज जास्त जवळचा वाटतो आणि त्यासाठी मी लवकर झिजणारी घोडी पत्करते.

सर सी. व्ही. रामन कलकत्त्यात काम करत होते तेव्हा, १९२१ साली, त्यांनी तंबोरा आणि वीणेवर एक छोटासा निबंध लिहिला. इंग्रज शास्त्रज्ञ थॉमस यंगचा जुना नियम असा, की तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वरांचा, म्हणजे मूळ सुराबरोबर आपोआप उठणाऱ्या वरच्या सुरांचा, स्थिर बिंदू येतो, ते उपस्वर त्या आवाजात उमटत नाहीत. म्हणजे तार बरोब्बर मध्यावर छेडली, तर वरच्या सप्तकातला षड्ज त्यात असता कामा नये. रामन यांनी दाखवलं की आपली ही दोन वाद्यं तो नियम जुमानत नाहीत, आणि त्याचं कारण त्यांच्या रुंद, वक्र घोडीत आहे. हे घरी करून बघता येतं. तंबोऱ्याची तार मधोमध छेडायची आणि लगेच त्याच मध्यबिंदूला बोटाचं टोक हलकेच लावायचं. साध्या घोडीच्या वाद्यात आवाज जवळजवळ मरतो. जवारीदार तंबोऱ्यात मूळ सूर थांबतो, पण वरचा षड्ज तसाच गात राहतो. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा अंगावर काटा आला होता. आपल्या पूर्वजांनी गणित न मांडता, नुसत्या कानाने आणि कानशीने, ही जागा गाठली होती.

आणि ती कानस मुळात तलवारींसाठी होती.

मिरजेत सतारी बनवायला लागलेली घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात तलवारींचं काम सरत चाललं, गावात गाणं-बजावणं वाढत होतं, आणि फरीदसाहेबांनी बिघडलेली वाद्यं हाती घेतली. त्यांच्या धंद्यावरून आडनावच सतारमेकर झालं. पुढे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले, १९३७ मध्ये गेले, आणि दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. या सगळ्याचा अभिमान आहेच. पण दुकानाच्या पायरीवर बसलं की अभिमानाआधी वास येतो. ओल्या भोपळ्याचा, लाकडाच्या भुश्शाचा, पॉलिशच्या लाखेचा. भिंतीला लागून पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे कडू भोपळे रचून ठेवलेले असतात, काही अजून पिवळट, काही वाळून तांबूस झालेले. टिचकी मारली तर प्रत्येकाचा आवाज निराळा. चाचा भोपळा उचलतात, टिचकी मारतात, बाजूला ठेवतात. हा कशाला आणि तो का नको, ते विचारलं तर म्हणतात, "ऐका की."

ऐकायला मी शिकलेच नव्हते, असं आता वाटतं. आमच्या बाई फार प्रेमळ होत्या. आम्ही चार-पाच मुली ओळीने सतरंजीवर बसायचो आणि तास सुरू व्हायच्या आधी बाई एकेक सतार स्वतः मांडीवर घेऊन मिळवून द्यायच्या. डोळे मिटलेले, उजव्या हाताच्या नखीने एकच तार छेडत राहायची, डावा हात खुंटीवर. दोन मिनिटांत सतार परत हातात. आम्हाला ते जादूसारखं वाटायचं आणि वेळही वाचायचा. तासाला पैसे भरलेले, त्यात गती शिकायच्या, तोडे पाठ करायचे, परीक्षा द्यायची. बाईंच्या प्रेमात मला काही खोट काढायची नाही. पण त्यामुळे झालं असं, की हात तयार होत गेले आणि कान बाईंचाच वापरत राहिलो. लग्नानंतर गाव बदललं. सतार बरोबर आली, बाई आल्या नाहीत. पहिल्यांदा एकटीने सतार मिळवायला बसले तेव्हा मोबाईलवर ट्यूनर लावला, काटा हिरव्यावर आला की पुढची तार. सगळे काटे हिरवे झाले आणि सतार मिळालेली नव्हती.

हे का होतं ते पुष्कळ दिवसांनी समजलं. ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे भाग करतो. पंचमाचं ठीक चालतं, फरक कानाला जाणवेल न जाणवेल इतका. पण त्याचा शुद्ध गांधार नैसर्गिक गांधारापेक्षा चढा असतो, अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर जवळजवळ चौदा भागांनी. चांगल्या मिळालेल्या तंबोऱ्यात कुणीही न लावलेला गांधार आपोआप ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो. तो षड्जाचाच पाचवा उपस्वर. गांधाराच्या पडद्यावर बोट ठेवून वाजवलेला सूर आणि वातावरणात तरंगणारा तो स्वयंभू सूर एकमेकांना घासायला लागले की कितीही हिरवे काटे असोत, जीव अस्वस्थ होतो. सतारीचं भाग्य हे, की तिचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. पडदा अंगठ्याने जरा खुंट्यांच्या बाजूला ढकलायचा, छेडायचा, पुन्हा ढकलायचा. कुठेतरी एका जागी दोन्ही गांधार एक होतात. त्या क्षणी आवाज वाढल्यासारखा वाटतो, खरं तर आतलं भांडण थांबलेलं असतं.

जोडीच्या तारेवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते. दोन तारा षड्जावर आणताना आधी लाटा ऐकू येतात, वँव-वँव अशा. खुंटी जराशी फिरवली की लाटा लांबतात, आणखी जराशी, की एकच लांबलचक श्वास, मग तोही सपाट. सेकंदाला एक लाट म्हणजे दोन तारांत एका कंपनाचा फरक. इतकं लहान अंतर कुठलंही शिक्षण नसलेला कान ऐकू शकतो, फक्त घाई नको. शेवटचा टप्पा खुंटीने होत नाही. तिथे घोडीपलीकडचा मणी बोटाच्या टोकाने ढकलायचा. तरफांचं, म्हणजे पडद्यांखालून जाणाऱ्या बारीक तारांचं, वेगळं. त्या रागाप्रमाणे लावायच्या आणि बाजाच्या तारेवर तो सूर वाजवून बघायचा. माझ्या शेजारणीच्या मुलीला मी एकदा तरफेवर कागदाचा बारीक कपटा ठेवून दाखवला होता. सूर वाजला, हात त्या तारेला लागलाही नाही, आणि कपटा टुणकन उडून पडला. तिने तो उचलून पुन्हा ठेवला. पुन्हा. पुन्हा. त्या दिवशी आमचं बाकी काही झालं नाही.

पावसाळा हा सतारवाल्यांच्या संयमाचा काळ. लाकूड ओल धरतं, खुंट्या फुगून भोकात घट्ट बसतात आणि तार अर्ध्या सुराने चढवायची तर मनगट दुखून येतं. जोर केला तर खुंटी एकदम झेप घेते आणि तार तुटते. थंडीत याच्या उलट. रात्री व्यवस्थित मिळवून ठेवलेली सतार सकाळी गवसणीतून काढावी तर दोन खुंट्या सर्रकन सुटलेल्या, तारा लोंबत असलेल्या. मग खुंटी काढून तिला खडू फासायचा, नीट दाबून बसवायची. पोलादी तार घामाने गंजते, म्हणून वाजवून झालं की मऊ सुती फडकं प्रत्येक तारेवरून फिरवायचं, तिच्या खालच्या बाजूनेही. डाव्या तर्जनीवर आणि मध्यमेवर एक काळी रेघ कायम असते. खोबरेल लावून वाजवलं तरी ती जात नाही. बँकेत काउंटरवर कुणी नोट घेताना ती रेघ बघून "भाजलं का?" म्हणून विचारतं. भोपळा तर तळहाताच्या धक्क्यानेही चिरतो, म्हणून घरात पाहुण्यांची लहान मुलं आली की माझा अर्धा जीव सतारीच्या कोपऱ्यात असतो. हे सगळं कुणाला सांगितलं की विचारतात, मग वाजवता कधी? मला हा प्रश्न समजत नाही. तार पुसताना, मणी सरकवताना, खुंटीला खडू लावताना मी सतारीपासून लांब कधी असते?

दुसऱ्यांदा मिरजेला गेले ते स्वतःहून. पाहुण्याने सांगायची वाट बघावी लागली नाही. बाजाच्या तारेवर मध्यम वाजवला की तो आधीसारखा उघडत नव्हता, शेजारचे सूर ठीक आणि हाच एक मिटलेला. वरवर बघता काही बिघडलेलं नव्हतं. पण जोड लावताना जी एक शेवटची चमक वर चढून विरते, ती लवकर विरायला लागली होती. या वेळी चाचांनी विचारायच्या आधीच मी सांगितलं, "जोड बंदकडे ठेवा, बाजाची त्याहून थोडी मोकळी, आणि खरजाला घुमू दे, झणकार नको." त्यांनी घोडी काढली, उजेडात धरली आणि म्हणाले, "हात हलका आहे तुमचा. बंद ठेवली तर आवाज पोचायचा नाही."

"पोचायचा कुठे आहे चाचा? मी घरातच वाजवते."

"तरी पण," ते म्हणाले आणि कामाला लागले. त्यांनी बाजाची तार मी मागितली त्यापेक्षा खुली ठेवली, हे मला तिथेच कळलं आणि मी बोलले नाही. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. घोडीवरचे चर बघून वाजवणाऱ्याचा हात ओळखणारा माणूस आहे तो, माझ्या चरावरूनच त्याने माझा हात हलका ठरवला. नवी जवारी पहिल्या काही आठवड्यांत तारांखाली बसते आणि थोडी मिटते, असं त्यांनी निघताना सांगितलं. त्या मिटण्याची जागा त्यांनी आधीच धरून ठेवली होती का माझं ऐकायचंच नव्हतं, ते मी विचारलं नाही. खरज मात्र अगदी मनासारखा आला. आलाप सुरू करण्याआधी मी तो नुसताच छेडून बसते. बाजाच्या तारेबद्दल अजून माझं आणि चाचांचं एकमत नाही. तीव्र मध्यमावर ती मला जरा जास्त बोलकी वाटते, निषादावर आवडते.

शेजारणीची मुलगी आता आठवड्यातून एकदा येते. तिला शिकवण्याइतकी माझी तयारी नाही, हे मी तिच्या आईला आधीच सांगितलं होतं. तरी येते. तिला मी सतार मिळवून देत नाही. खुंटी तिच्या हातात, मी समोर बसते. तिची मनगटं बारीक, खुंटी घट्ट, जोड कधी खाली जाते कधी वर, आणि ती माझ्याकडे बघते तेव्हा माझा हात आपोआप पुढे होतो. तो मागे घ्यायला मला कष्ट पडतात. बाईंनी कधीच मागे घेतला नव्हता. परवा तिला न्यायला आई आली आणि दारातूनच विचारलं, "आज काय शिकलात?"

"जोड लावली," मुलगी म्हणाली.

"एवढंच?"

"आधी लाटा येतात, मग जातात," तिने आईला सांगितलं आणि चपला घालायला लागली. आईने माझ्याकडे बघितलं. गत कधी सुरू करणार, हे त्या बघण्यात होतं, आणि त्यांचं काही चूक नाही. मुलांना बोटं हलवायला मिळाली नाहीत तर ती यायची बंद होतात. पुढच्या वेळी यमनची एक सोपी गत द्यावी असं मनात आहे. पण सतार आधी तिनेच मिळवायची.